उतरणे जमेपर्यंत : इस्रोच्या ग्रहमोहिमांची फेरमांडणी

राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या निमित्ताने वैजापुरात निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा, म्हणजे इस्रोचा, इतिहास लिहिताना यशस्वी उड्डाणांची यादी मी बाजूला ठेवली आहे. ती यादी स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात मिळते आणि आपल्या तालुक्यातल्या मुलांना ती तोंडपाठ असते. त्या यादीत ज्या मोहिमांपुढे 'अयशस्वी' असा एकच शब्द छापलेला असतो, त्यांच्याबद्दल मला सांगायचे आहे. चंद्र आणि मंगळाचा आपला कार्यक्रम आज ज्या आकाराचा दिसतो, तो आकार त्याला मोहिमा फसल्यानंतर झालेल्या फेरविचाराने दिला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या. त्या टाळ्यांमागचा हिशेब मात्र फार थोड्यांनी पाहिला.

सुरुवात थोडक्यात सांगतो. १९६२ मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ चिटणीस हे तिचे सदस्य-सचिव. रॉकेट सोडण्यासाठी केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावाची निवड करणाऱ्यांत ते होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकी बनावटीचे होते, पण ते जुळवणाऱ्या चमूत पुण्याचे प्रमोद काळे यांच्यासारखे पंचविशीही न गाठलेले तरुण होते. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची रीतसर स्थापना झाली. चिटणीस शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात निवर्तले. थुंब्याच्या वाळूपासून चंद्राच्या धुळीपर्यंतचा सगळा प्रवास त्यांना पाहता आला.

या संस्थेचा स्वभाव घडला तो १० ऑगस्ट १९७९ रोजी, असे मी मानतो. त्या दिवशी एसएलव्ही-३ हा पहिला भारतीय उपग्रह प्रक्षेपक श्रीहरिकोट्याहून उडाला. पहिला टप्पा बरोबर चालला, दुसऱ्यात प्रक्षेपकाचे नियंत्रण सुटले आणि पाच मिनिटांच्या आसपास सगळे बंगालच्या उपसागरात गेले. कारण शोधले तेव्हा ते एका झडपेपाशी येऊन थांबले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप नीट मिटली नव्हती आणि तिथून नायट्रिक आम्ल गळून गेले होते. झडप अडकण्याचे कारण धूळ. प्रकल्पसंचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, रोहिणी हा ३५ किलोचा उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा मात्र पत्रकारांशी बोलायला त्यांनी कलामांना पुढे केले. कलामांनी हा प्रसंग पुढे आयुष्यभर शाळा-कॉलेजांतून सांगितला. ऐकणाऱ्यांनी त्यातून धवन यांचा मोठेपणा घेतला आणि तो होताच. पण संस्थेच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट पक्की झाली. चूक शोधणाऱ्या माणसाच्या मानेवर तलवार नसेल, तरच तो झडपेतल्या धुळीपर्यंत पोहोचतो.

रोहिणी कक्षेत गेला तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते वसंत गोवारीकर. पुण्याचे हे रसायनशास्त्रज्ञ. घन इंधनाचा पाया देशात त्यांच्या हाताखाली घातला गेला. गोवारीकरांचे नाव मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. मॉन्सूनचा अंदाज सोळा घटकांवरून बांधण्याची पद्धत त्यांच्या पुढाकाराने १९८८ पासून हवामान खात्यात आली. २००२ मध्ये त्या पद्धतीने सरासरीइतका पाऊस सांगितला आणि प्रत्यक्षात देशात सरासरीच्या ८१ टक्केच पडला. दुसऱ्याच वर्षी खात्याने सूत्र बदलले, घटक बदलले. विषय वेगळा, तरी मुद्दाम इथे नोंदवतो, कारण अंदाज चुकल्यावर आकाशाला दोष न देता आपले सूत्र तपासायचे, ही सवय चंद्राच्या मोहिमेइतकीच आपल्या पेरणीच्याही कामाची आहे.

एएसएलव्ही हा पुढचा प्रक्षेपक १९८७ आणि १९८८ अशी सलग दोन वर्षे पडला, १९९२ ला जेमतेम साधला, १९९४ ला नीट उडाला. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी सॉफ्टवेअरमधल्या चुकीने फसले, दुसरे पुढच्या वर्षी यशस्वी झाले. पुढे याच पीएसएलव्हीने देशाला चंद्रापर्यंत आणि मंगळापर्यंत नेले.

आता मूळ विषयाकडे येतो.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. १५ ऑगस्ट २००३ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी जाहीर केलेली ही मोहीम दोन वर्षांची होती. यान चंद्राभोवती १०० किलोमीटर उंचीवरून फिरू लागले आणि थोड्याच दिवसांत त्याच्या आतले तापमान ५० अंश सेल्सिअसच्या घरात गेले. उन्हात तापलेला चंद्राचा पृष्ठभाग इतक्या जवळून यानाला किती भाजेल, याचा हिशेब कमी पडला होता. मग यान थोडे वळवले, उपकरणे आळीपाळीने चालवली. पुढे ताऱ्यांवरून दिशा ठरवणारे संवेदक बंद पडले. इंजिनिअरांनी जायरोस्कोपच्या आधाराने काम चालू ठेवले आणि मे २००९ मध्ये यान २०० किलोमीटरवर नेले. २९ ऑगस्ट २००९ च्या पहाटे संपर्क तुटला. ३१२ दिवस झाले होते.

ही मोहीम यशस्वी म्हणायची की अयशस्वी? वर्तमानपत्रांनी दोन्ही लिहिले. महिन्याभरात जाहीर झाले की यानावरच्या अमेरिकी उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश टिपले आहेत, आणि चंद्राकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्यातून बदलली. पण संस्थेच्या वहीत दुसऱ्या बाजूलाही नोंद झाली. उष्णतेचे गणित, संवेदकांची ताकद, वीजपुरवठ्याच्या भागांची जोखीम, या साऱ्या नोंदी मंगळयानाच्या रचनेत कामी आल्या. बंद पडलेले ते यान चंद्राभोवती फिरतच होते. अमेरिकेतल्या रडारने ते शोधून काढल्याचे मार्च २०१७ मध्ये जाहीर झाले.

खरा घाट लागला तो त्यानंतर. चांद्रयान-२ साठी रशियाशी करार झाला होता तो नोव्हेंबर २००७ मध्ये. लँडर रशियाने द्यायचा, ऑर्बिटर आणि प्रक्षेपक आपला. प्रक्षेपक म्हणजे जीएसएलव्ही. तो २०१० मध्ये दोनदा पडला. १५ एप्रिलला भारतीय क्रायोजेनिक इंजिनचा पंप सुरू होताच थांबला. २५ डिसेंबरला जोडणीच्या तारा वेळेआधी सुटल्या आणि भरकटलेले रॉकेट पहिल्या मिनिटाच्या आसपास आकाशातच नष्ट करावे लागले. तिकडे ९ नोव्हेंबर २०११ रोजी रशियाचे फोबोस-ग्रुंट हे मंगळाच्या उपग्रहाकडे जाणारे यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकले आणि जानेवारी २०१२ मध्ये कोसळले. रशियाने आपल्या सगळ्या ग्रहमोहिमांचा फेरविचार सुरू केला. त्यातून लँडरचे वजन वाढले आणि भारतीय रोव्हरसाठी उरलेली जागा आकसली.

या घटना तीन, पण त्यांचा परिणाम एकच झाला. आपल्याला चंद्रावर उतरवणारे यान दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून होते आणि ते वेळापत्रक कोलमडले होते. उडुपी रामचंद्र राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सगळे नव्याने तपासले आणि लँडर भारतातच काही वर्षांत तयार होऊ शकेल असा निर्वाळा दिला. ऑगस्ट २०१३ मध्ये तसे जाहीर झाले. इस्रोच्या ग्रहकार्यक्रमातला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उड्डाणाचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. एका समितीने दिलेला असा निर्वाळा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण चांद्रयान-३ ची मुळे तिथे आहेत.

त्याच फेरमांडणीतून मंगळयान आले. जीएसएलव्हीचा भरवसा नव्हता, म्हणून विश्वासू पण लहान ताकदीचा पीएसएलव्ही निवडला. त्याच्या दमात यान थेट मंगळाच्या वाटेवर सोडता येत नव्हते. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ रोजी उडालेले यान पृथ्वीभोवतीच फिरत ठेवून, इंजिन थोडे थोडे चालवून, त्याची कक्षा लांबवत नेली. ११ नोव्हेंबरला यातला एक टप्पा अर्धवट राहिला. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव वेटोळी एकाच वेळी चालवून पाहण्याचा प्रयोग होता, आणि तसे केल्यावर प्रवाहच थांबला. दुसऱ्या दिवशी उरलेला वेग देऊन कसर भरून काढली. १ डिसेंबरला यान मंगळाकडे निघाले. पुढे ३०० च्या आसपास दिवस मुख्य इंजिन झोपून होते. ते पुन्हा जागे होईल का, हा सगळ्यात अवघड प्रश्न होता, म्हणून २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते चार सेकंद चालवून पाहिले आणि २४ तारखेला यान मंगळाच्या कक्षेत गेले. ४५० कोटींचा खर्च सगळ्यांनी सांगितला. चार सेकंदांची ती चाचणी सांगणारे थोडे. जपानचे नोझोमी यान २००३ मध्ये मंगळापर्यंत पोहोचूनही कक्षेत गेले नव्हते, हे पाहता त्या चार सेकंदांची किंमत कळते.

चांद्रयान-२ बद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या संस्थेची खरी परीक्षा तिथे झाली.

२२ जुलै २०१९ रोजी उड्डाण झाले. आठवडाभर आधी, १५ जुलैच्या पहाटे, हेलियमच्या गळतीमुळे उलटी मोजणी ५६ मिनिटे उरली असताना थांबवावी लागली होती. प्रकल्पसंचालक एम. वनिता, मोहीमसंचालक रितू करिधाल. इस्रोच्या ग्रहमोहिमेची धुरा दोन स्त्रियांकडे असण्याची ही पहिली वेळ. या ओळीवर आपल्या मुलींनी क्षणभर थांबावे. त्यावेळच्या नव्या, जड प्रक्षेपकाला महाराष्ट्राचाही हात लागला होता. घन इंधनाच्या बूस्टरच्या पोलादी आवरणाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला आणि विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे १ वाजून ३८ मिनिटांनी विक्रम लँडरची उतरण सुरू झाली. उंची ३० किलोमीटर, वेग सेकंदाला सुमारे १,६८३ मीटर. ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत सगळे आखल्यासारखे झाले आणि वेग १४६ मीटरवर आला. पडद्यावरचा ठिपका पुढे ठरलेल्या रेषेवरून सरकला आणि चंद्रभूमीपासून दोनेक किलोमीटरवर असताना संपर्क तुटला.

त्या रात्रीचे जे चित्र देशाच्या मनात राहिले ते अश्रूंचे आणि आलिंगनाचे. ते खरे होते आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतरचे काही महिने संस्थेने लोकांशी जितके मोकळे बोलायला हवे होते तितके ती बोलली नाही, असे मला मनापासून वाटते. दोन आठवड्यांत मोहीम ९८ टक्के यशस्वी असल्याचे अध्यक्षांनी सांगितले. ऑर्बिटर उत्तम चालत होता हे खरेच, पण लोक विचारत होते ते लँडरबद्दल. २० नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत लेखी उत्तर आले. दुसऱ्या टप्प्यात वेग आखल्यापेक्षा जास्त कमी झाला, त्यामुळे पुढची परिस्थिती रचनेच्या मर्यादेबाहेर गेली आणि लँडर ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला, इतकेच त्यात होते. डिसेंबरमध्ये अवशेषांची जागा निश्चित झाली, आणि नासाच्या छायाचित्रांत ती प्रथम हुडकली चेन्नईच्या एका हौशी तरुण इंजिनिअरने. विश्लेषण समितीचा पूर्ण अहवाल लोकांसमोर आलाच नाही. ज्या संस्थेचा अध्यक्ष १९७९ मध्ये त्याच दिवशी पत्रकारांसमोर बसला, तिच्याकडून ही अपेक्षा करणे चूक नाही.

आतले काम मात्र त्या जुन्या परंपरेला शोभेल असे झाले. त्याची उकल जुलै २०२३ मध्ये नवे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी साध्या भाषेत केली. ती अशी : लँडरच्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. त्यामुळे मार्गातल्या चुका साचत गेल्या. पण त्या टप्प्यात खालच्या जमिनीची छायाचित्रे घ्यायची असल्याने लँडरने स्थिर राहणे भाग होते, म्हणून चूक तिथल्या तिथे दुरुस्त होत नव्हती. टप्पा संपल्यावर साचलेली चूक एकदम सुधारायला यान झपाट्याने वळू लागले, तेव्हा वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा आड आली. शिवाय उतरायची जागा फक्त ५०० मीटर लांब-रुंद ठरवलेली. यान तिथे पोहोचण्यासाठी वेग वाढवत होते आणि जमीन तर जवळ येत होती. यातली एकही गोष्ट एकट्याने यान पाडणारी नव्हती. सगळ्या एकत्र आल्या आणि घात झाला.

पहिली पेरणी वाया गेल्यावर दुबार पेरणी करणारा शेतकरी तेच बी तसेच टाकत नाही. वाण बदलतो, वाफसा पाहतो, जमिनीची ओल हातात घेऊन बघतो. चांद्रयान-३ च्या वेळी तसेच झाले. आधीच्या रचनेत प्रश्न होता, सगळे नीट चालले तर यान कसे उतरेल. नव्या रचनेत प्रश्न ठेवला, काय काय बिघडू शकेल आणि तरीही यान कसे उतरेल. सोमनाथ त्याला अपयश गृहीत धरून केलेली रचना म्हणत. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी सांगितले की संवेदक बंद पडले, इतकेच काय दोन इंजिने चालली नाहीत, तरी लँडर उतरू शकेल अशी तजवीज केली आहे.

बदलांकडे पाहिले की हा विचार किती खोल गेला ते दिसते. मधले पाचवे इंजिन काढून टाकले. पाय मजबूत केले आणि सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकले तरी मोडणार नाहीत असे केले. आधी ही मर्यादा २ मीटर होती. उतरण्याची जागा ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली, म्हणजे नेमक्या बिंदूकडे धावण्याची घाई संपली. इंधन वाढवले. सौरपट्ट्या वाढवल्या, म्हणजे यान कुठल्याही बाजूला तोंड करून उतरले तरी वीज मिळेल. जमिनीच्या संदर्भात आपला वेग थेट मोजणारे लेझरवर चालणारे नवे उपकरण बसवले. हे उपकरण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण आधी यान आपला वेग बराचसा हिशेबाने काढत होते आणि हिशेबातच गडबड झाली होती.

मग चाचण्या. हेलिकॉप्टरला टांगून संवेदक तपासले. क्रेनला लटकवून इंजिने चालवत खाली उतरवून पाहिले. चंद्रासारख्या मातीवर पाय आपटून पाहिले.

ही माती कुठली, हे आपल्या भागातल्या वाचकाला विशेष रंजक वाटेल. वैजापूर ज्या काळ्या खडकावर वसले आहे, वेरूळची लेणी ज्यात कोरली, तो बेसॉल्ट. चंद्राचे जे काळे डाग आपण डोळ्यांनी पाहतो ते याच जातीच्या खडकाचे विस्तीर्ण मैदान. आपल्याकडून एका दिवसात जाऊन येता येईल असे लोणारचे विवर बेसॉल्टमध्येच उल्कापाताने झाले, आणि पृथ्वीवर अशी विवरे फार थोडी असल्याने चंद्र-मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. पण विक्रमला उतरायचे होते ते दक्षिणेकडच्या, सुमारे ६९ अंश अक्षांशावरच्या उजळ उंचवट्यावर. तिथला खडक अॅनॉर्थोसाइट. तो तमिळनाडूत सित्तमपुंडी परिसरात सापडतो. तिथला दगड दळून चंद्राची नकली माती तयार केली. दख्खनचा दगड इथे चालला नसता. भूगोलाच्या तासाला मुलांना दोन्ही खडकांचे तुकडे शेजारी ठेवून दाखवता आले तर किती चांगले होईल.

आणखी एक निर्णय मला या संस्थेच्या शहाणपणाचा नमुना वाटतो. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर चंद्राभोवती चांगला चालत होता. त्याचे नियोजित आयुष्य वर्षभराचे. अचूक उड्डाणामुळे इंधन वाचले आणि ते सात वर्षांच्या आसपास जाईल असे दिसले. म्हणून चांद्रयान-३ बरोबर नवा ऑर्बिटर पाठवलाच नाही. जुन्याच ऑर्बिटरच्या कॅमेऱ्याने उतरण्याची जागा निरखली, पावणेदोन टनांच्या लँडरचे बोलणे पोहोचवायलाही तोच कामी आला. फसलेल्या म्हटल्या गेलेल्या मोहिमेतला अर्धा भाग पुढच्या मोहिमेचा आधार झाला. १४ जुलै २०२३ रोजी पी. वीरमुथुवेल यांच्या नेतृत्वाखालच्या या मोहिमेचे उड्डाण झाले. खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये.

तो ऑगस्ट आपल्या कुणाच्याही विस्मरणात जाणार नाही. १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आभाळाकडे पाहायची इच्छा होऊ नये असे दिवस. १९ तारखेला रशियाचे लूना-२५ चंद्रावर आदळले. इंजिन ८४ सेकंद चालायचे ते १२७ सेकंद चालले. पन्नास वर्षांपूर्वी चंद्रावरून माती आणणाऱ्या देशाचे यान चार दिवस आधी पडले होते, म्हणून २३ तारखेला संध्याकाळी धास्ती जास्त होती. ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम टेकला.

पुढचे सगळे पेपरांत आले आहे. जमिनीखाली अवघ्या ८ सेंटिमीटरवर तापमान पृष्ठभागापेक्षा ६० अंशांनी कमी निघाले. गंधक सापडले. रोव्हरने तपासलेल्या मातीवरून, चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्र होता या मताला बळ देणारा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र कार्यक्रमाच्या फेरमांडणीच्या दृष्टीने मला दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. ३ सप्टेंबर २०२३ रोजी विक्रमची इंजिने पुन्हा चालवून त्याला साधारण ४० सेंटिमीटर उचलले आणि शेजारी परत टेकवले. आणि चंद्राभोवती उरलेला वाहक भाग, जो तिथेच संपायचा होता, तो मागे पृथ्वीच्या कक्षेत आणला. उतरता आले; आता उठता आणि परतता येईल का, याची ही पहिली चाचपणी.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,१०४ कोटी रुपयांच्या चांद्रयान-४ ला मंजुरी दिली. चंद्राची माती घेऊन परतायचे आहे. त्याच दिवशी शुक्राभोवती फिरणाऱ्या यानालाही, १,२३६ कोटींच्या, मान्यता मिळाली. या दोन्हींच्या तयारीत असतानाच १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन एक उपग्रह गमावला गेला. ज्या प्रक्षेपकाने चंद्र आणि मंगळ दाखवला तो पडल्याचे पाहून वाईट वाटले. अशा वेळी चौकशीचे निष्कर्ष पूर्णपणे लोकांपुढे ठेवावेत, अशी या संस्थेवर प्रेम करणारा एक नागरिक म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे. चूक कशी शोधायची हे शिकण्यासाठी आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याहून चांगले पाठ्यपुस्तक मिळणार नाही.

चांद्रयान-४ एका प्रक्षेपकात मावणारे नाही. त्याचे पाच भाग दोन उड्डाणांत वर न्यायचे आणि आकाशात एकमेकांना जोडायचे आहेत. या जोडणीची तालीम स्पेडेक्स या मोहिमेत झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह सोडले. जोडणी ७ जानेवारीला व्हायची होती. आणखी पडताळणी हवी म्हणून ती ९ वर ढकलली. मग दोन उपग्रहांतले अंतर अपेक्षेपेक्षा जास्त सरकल्याचे दिसल्यावर तेही रद्द केले. दोन्ही वेळा संस्थेने हे स्वतः लगेच जाहीर केले. १२ जानेवारीला उपग्रह एकमेकांपासून ३ मीटरपर्यंत आणले आणि मुद्दाम पुन्हा लांब नेले. मिळालेली मोजमापे तपासली. १६ जानेवारीला ते जोडले गेले, आणि १३ मार्चला सोडवूनही दाखवले. चंद्रावरून माती घेऊन उठलेला भाग परतीच्या यानाला याच पद्धतीने जोडायचा आहे.